सात नंबरच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याबाबत

दि. २१ मे २०२५

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
नागविदर्भ कृषीमाल वाहतूक सहकारी संस्था,
लकडगंज आगार, नागपूर.

विषय : गाडी क्र. ७ चा ऑक्सिजन सेन्सर बदलण्यासाठी गाडी दोन दिवस उभी ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. २८ एप्रिल (परत). २) अर्जदाराचा अर्ज दि. ९ मे (निकाली). ३) आपले उष्माघात प्रतिबंधक परिपत्रक दि. १४ मे.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार रामाजी कवडूजी निखाडे, मेकॅनिक, सेवा सत्तावीस वर्षे, सविनय सादर करतो की, या विषयावरचा हा त्याचा तिसरा अर्ज आहे. पहिला अर्ज विषय एका ओळीत मावत नसल्याच्या कारणाने परत आला. दुसऱ्यावर "नवा सेन्सर भांडारात उपलब्ध, सबब प्रकरण निकाली" असा शेरा मिळाला. सेन्सर भांडारात आहे हे खरेच आहे. तो खोक्यात आहे, गाडीत नाही, एवढेच अर्जदाराचे म्हणणे होते.

१. सेन्सर म्हणजे बोटाएवढी वस्तू. ती सायलेन्सरच्या नळीत बसते, जळून बाहेर पडणाऱ्या हवेत प्राणवायू किती उरला ते पाहते आणि त्यावरून इंजिनाला गॅस किती द्यायचा ते ठरते. सेन्सर मेला की इंजिन आंधळेपणाने गॅस पिते आणि अर्धवट जाळते. त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. गाडी सीएनजीची असल्याने डिझेलसारखा काळा धूरही दिसत नाही, त्यामुळे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

२. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीमागे आहे. खालून हात जात नाही, बाजूने पाना फिरत नाही. गिअरबॉक्स उतरवणे हाच सरळ मार्ग. परंतु फेब्रुवारीत या सेन्सरचे काम निघाले तेव्हा "गाडी एक दिवसही उभी राहता कामा नये" असा तोंडी आदेश झाल्याने अर्जदाराने आडमार्ग धरला. त्याने ड्रायव्हरच्या सीटमागे केबिनचा तळ कापून वीतभर खिडकी पाडली आणि वरून पाना घातला. गंजलेल्या सेन्सरचे डोके पान्यासोबत तुटून वर आले. आटे गेले, उरलेला तुकडा नळीत ढिला राहिला आणि त्याच्या कडेने वायू गळू लागला. खिडकीवर पत्रा ठेवून चार स्क्रू आवळले, वर रबरी चटई टाकली. पत्र्याच्या फटी बुजवायला वेल्डिंग करायचे तर गॅसच्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, म्हणजे पुन्हा गाडी उभी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तेव्हा आपल्या आगाराच्या रिवाजाप्रमाणे त्यावर काळी टेप लावण्यात आली. टेप अर्जदाराने लावलेली नाही. खिडकी मात्र त्यानेच पाडली, हे तो येथे लेखी मान्य करतो आणि त्याची त्याला लाज वाटते.

३. मार्च-एप्रिलमध्ये काचा उघड्या असत, तोवर निभावले. मे लागला, लू सुरू झाली, काचा वर गेल्या. दि. ५, ८ आणि १२ मे रोजी या गाडीचे चालक ताराचंद हे कळमेश्वरहून परतताना डोके धरून उतरले. दोनदा उलटी झाली, एकदा गेटच्या खांबावर गाडी घासली. नागपुरात मे महिन्यात ज्याचे डोके दुखते त्याला ऊन लागलेलेच असते, याबाबत कोणाचे दुमत नसते. ताराचंद यांना घरी कैरीचे पन्हे पाजले, कानाला कांद्याचा रस लावला, दवाखान्यात सलाइन दिले. प्रत्येक वेळी ते रात्रीतून बरे झाले आणि पन्ह्याला यश मिळाले. तिसऱ्या खेपेला ते अर्जदाराला म्हणाले ते शब्द जसेच्या तसे देतो : "रामाजीभाऊ, मी दिवसभर वावरात राबलो तरी मले काही होत नाही गा. याच गाडीत बसलो का डोकं फुटून राहते. काहून?" त्यांना कारण सांगायला अर्जदाराची जीभ रेटली नाही. त्याने सांगितले, "पाहतो." १२ तारखेपासून ताराचंद रजेवर आहेत.

४. त्यावर आपण तत्परतेने परिपत्रक काढले, याबद्दल अर्जदार आभारी आहे. त्यात प्रत्येक चालकाने खिशात कांदा व सोबत पाण्याची बाटली ठेवावी, असे आहे. कांद्याला अर्जदाराची हरकत नाही. परंतु कलम तीनमध्ये "लू आत येऊ नये म्हणून केबिनच्या काचा पूर्ण बंद ठेवाव्यात, विश्रांतीच्या वेळी इंजिन चालू ठेवून पंखा लावावा" असे आहे. इतर गाड्यांत हे ठीक आहे. सात नंबरच्या गाडीत हे कलम म्हणजे माणसाला खोलीत कोंडून शेगडी पेटवून देण्यासारखे आहे. दि. १६ रोजी अर्जदार हे सांगण्यास आपल्या दालनात आला असता आपण म्हणालात, "निखाडे, जे काय असेल ते लेखी द्या." म्हणून हा अर्ज.

५. ताराचंद यांच्या जागी चालक पियूष यांची नेमणूक झाली आहे. वय सव्वीस, दिवाळीनंतर लग्न झालेले. अर्जदाराने काल त्यांना काचा उघड्या ठेवण्यास बजावले. ते हसले आणि म्हणाले, "रामाजीभाऊ, बाहेर सेहेचाळीस हाय. साहेबाच्या कागदात काचा बंद लिहून हाय, तुमचं ऐकू का साहेबाचं?" अर्जदाराकडे साहेबांचा दुसरा कागद नव्हता. आज सकाळी अर्जदार चार नंबरच्या गाडीखाली असताना सात नंबरची गाडी गेटबाहेर पडली.

६. तरी गाडी परतताच उभी करण्यात यावी, गिअरबॉक्स उतरवण्याची परवानगी मिळावी आणि खिडकी कायमची बंद

७. वरील वाक्य अपुरे राहिले, क्षमस्व. अर्जदार हा अर्ज आवक विभागात शोभाताईंच्या टेबलावर लिहीत आहे. त्यांच्या संगणकावर गाड्या कुठे आहेत ते दिसते. सात नंबरची गाडी फेटरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला थांबलेली आहे. पडद्यावर "वेग शून्य, इंजिन चालू, बावन्न मिनिटे" असे आहे. शोभाताई म्हणाल्या, "जेवून झोपला असन गा पोरगा, सावलीत." अर्जदारालाही तसेच वाटावे अशी त्याची फार इच्छा आहे. पियूष यांना अकरा वेळा फोन लावला. घंटा वाजते.

८. आपण बैठकीत आहात. दार दोनदा वाजवले, शिपायाने दोन्ही वेळा बसायला सांगितले. जीपची चावी आपल्या टेबलाच्या खणात आहे. लेखी परवानगीशिवाय कामाच्या वेळेत गेट ओलांडल्यास निलंबन, हा नियम अर्जदारास ठाऊक आहे. आता अठ्ठावन्न मिनिटे झाली. अर्जदार स्वतःच्या मोटारसायकलने निघत आहे. निलंबन खुशाल करावे. वाचलात तर आधी ॲम्ब्युलन्सला फोन करावा, शेरा मागून मारावा.

आपला,
नम्र राहण्यास आता वेळ नाही,

(सही)
रा. क. निखाडे
दुपारी २.४०

सोबत : १) पूर्वीचे दोन अर्ज, शेऱ्यांसह. २) ताराचंद यांचे दवाखान्याचे कागद. ३) सेन्सरचे तुटलेले डोके, एक नग.

आवक विभागाचा शेरा :
अर्ज २.४२ ला आत पाठवला. ॲम्ब्युलन्सला मी स्वतः फोन केला. बैठक ३.३० ला संपली. ३.३५ ला रामाजीभाऊंचा फोन आला. त्यांनी काच फोडली. इंजिन त्यांनी बंद केले. ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात, अर्धा तास आधी पाहिजे होते. रामाजीभाऊ रस्त्यावर बसून आहेत. पियूषच्या बायकोचा ऑफिसच्या फोनवर दोनदा फोन येऊन गेला, गाडी कुठवर आली म्हणून विचारते. तिला काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, याबाबत साहेबांचे लेखी आदेश व्हावेत.
— शोभा, आवक लिपिक