मायच्या पायाची सुतळी

३ डिसेंबर १९५५, वर्धा

आणि सुतळी पाठवली म्हणून मी ऐकेन असं माझ्या बाला, म्हणजे बापाला, वाटत असेल तर विसर म्हणावं. सुतळी काय, आख्खं चऱ्हाट पाठव. पाच रुपये पाठवणार नाही म्हणजे नाही.

भांडण पुन्हा एकदा नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणू नये की जंगलू उगाच तापतो. मायचा डावा पाय हत्तीपाय आहे, मी शाळेत गेलो त्याच्याही आधीपासून. गावात चपला करणारा तानबा म्हणतो, ह्या एका पायाच्या चपलेला दोन चपलांचं चामडं लागते, पाच रुपये पडतीन. मी पत्रात लिहिलं, जगात असा पाय नाही, तानबा लुटून राह्यला. त्यावर बाने मायच्या पंजाभोवती सुतळी गुंडाळली, तेवढीच तोडली आणि पाकिटात घालून धाडली. सोबत गावच्या मास्तरच्या अक्षरात एकच ओळ : तूच मोज.

मी काऊन मोजू? मी फायलेरिया पथकात आहे. हत्तीपाय डासातून येणाऱ्या कृमीने होतो हे इथे झाडूवाल्यालाही माहीत आहे. त्यावर आता गोळ्या निघाल्या आहेत. वैशाखात पंचफुलाचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, लग्न आहे. तोवर मायचा पाय चारचौघींसारखा झालेला असेल. मग त्या टोपल्याएवढ्या चपलेत काय कोंबडी बसवायची?

सुतळी मात्र मजबूत आहे. टॉर्च गळ्यात अडकवायला कामी आली.

१० डिसेंबर

पहाटे सिंदी मेघे गावाला डास धरायला गेलतो. काम नाजूक आहे. गोठ्याच्या भिंतीवर डास बसलेला असतो, त्याच्यावर काचेची नळी ठेवायची, मागची रबरी नळी तोंडात धरायची आणि श्वास ओढायचा. जोर जास्त झाला तर डास मरतो, कमी झाला तर उडतो. आज माझे एकतीस, जोडीदार हिरालालचे एकोणीस. हिरालाल म्हणतो, अबे जंगलू, तुलेच मच्छर काऊन जास्त सापडते मालूम हाय का? तू आंघोळ नाई करत ना बे!

दुर्लक्ष केलं. उद्यापासून रोज पहाटे थंड पाण्याने आंघोळ.

११ डिसेंबर

नीट विचार केला. आंघोळीने आकडा घटला तर संशोधनाचं नुकसान होईल. नाही केली.

२२ डिसेंबर

आज बाच्या पत्राला कायमचं उत्तर दिलं. बाजारातून मायसाठी चप्पल घेतली. लाल पट्ट्याची, नाजूक. दुकानदाराने माप विचारलं. म्हटलं, बाईमाणसाच्या पायाचं असते तेवढं. साडेचार रुपये घेतले. तानबाचे पाच वाचले, साडेचार गेले, म्हणजे आठ आणे नफाच.

खोलीत खिळ्याला टांगून ठेवली. घरमालकीण शकुंतलाबाईने पाहिली. म्हणते, कोनासाठी रे बाप्पा? पोरगी कुठची हाय? मी मायसाठी म्हणालो तर तिला हसूच आवरेना. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं लग्न ठरलेलं होतं.

९ जानेवारी १९५६

मायक्रोस्कोपमधून पाहायची आज संधी मिळाली. पथकाचे डॉक्टरसाहेब चहाला गेलते. डास चिरून काचेवर ठेवला होता. डोळा लावला आणि पहिल्याच झटक्यात कृमी दिसला. काळा, लांब, वाकडा. ओरडलो. सगळे धावत आले. साहेबांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, जंगलू, ही तुझी पापणी आहे.

आता पापणी आहे हे खरं. पण चौथी पास माणसाला पापणी एवढी स्वच्छ दिसली, ही नजर काही साधी नाही. हे कोणी बोललं नाही. हिरालाल मला दिवसभर मच्छर डॉक्टर म्हणत होता.

२८ जानेवारी

गोळ्या सुरू! अर्ध्या गल्ल्यांना गोळी द्यायची, अर्ध्यांना नाही. मग दोन्हीकडच्या लोकांचं रक्त रात्री तपासायचं (कृमी दिवसा लपून असतात आणि रात्री रक्तात वर येतात, चोरासारखे) आणि पाहायचं, कुठे किती कमी झाले. मला आनंदाबाईची गल्ली मिळाली. आनंदाबाई म्हणजे हत्तीपायाचीच म्हातारी, मायच्या वयाची. जिभेने मात्र तरणी.

साहेबांचा हुकूम : गोळी डोळ्यांसमोर गिळवायची, मग वहीत खूण.

१ फेब्रुवारी

लोक गिळत नाहीत. गोळीने पहिल्या दिवशी अंग तापतं, म्हणून घाबरतात. म्हणतात, ठेवून जाय बाबू, जेवल्यावर घेतो. ठेवली की ती चुलीत जाणार हे मला कळतं. म्हणून मी ठेवत नाही. परत खिशात. वहीत खूण करतो, कारण गोळी वाया गेलेली नाही. गरज असलेल्या पायाकडे चालली आहे. साहेबांना सांगून परवानगी घेता आली असती, पण त्यांना आधीच किती व्याप.

१४ फेब्रुवारी

पुरचुंडी भरली. आमच्या गावाकडे, आरमोरीकडे, निघालेल्या नत्थूजीच्या हाती दिली. त्याला तीनदा घोकायला लावलं : दिवसाला तीन, जेवल्यावर, एकवीस दिवस. नत्थूजी म्हणाला, ध्यानात हाय, तीन दिवस, एकवीस एकवीस. परत घोकायला लावलं.

बाला सोबत चिठ्ठी : चपलेचं नाव पुन्हा काढू नये. पाय उतरला की कळवावे. आपला जंगलू, फायलेरिया पथक.

४ मार्च

पत्र आलं. बाने सांगितलेलं आणि मास्तरने लिहिलेलं, त्यामुळे शिव्या शुद्ध आहेत.

नत्थूजीने बरोबर सांगितलं होतं. मायच म्हणाली, पोरीचं लगन जवळ आलं, एकवीस दिवस कोन थांबते. सगळ्या गोळ्या दोन दिवसांत घेतल्या. ताप, उलट्या, तीन दिवस अंथरुणात. पाय लाल झाला, अजून सुजला. बा विचारतो, तू माह्या बायकोले मारून राह्यला का तारून राह्यला, ते एकदा सांग.

बाला शास्त्र समजत नाही. ताप आला म्हणजे आत लढाई सुरू झाली. लढाईत सूज येणारच. लक्षण उत्तम आहे.

रात्री पत्र पुन्हा दोनदा वाचलं. मास्तरचं अक्षर लागत नव्हतं.

२० मार्च

साहेब आनंदाबाईच्या गल्लीत आलते. तिचा पाय पाहिला. म्हणाले, बाई, रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, निजताना पाय उशीवर ठेवा, आणि पायाच्या मापाची रुंद चप्पल करून घ्या. भेगेतून घाण गेली की ताप येतो, आणि दर तापाला पाय वाढतो.

आनंदाबाई म्हणाली, साहेब, एवढी मोठी चप्पल कोन करून देईन? माह्या पोरानं तर नावं ठेवली, म्हणते ही चप्पल का नाव, बसवून नदीत सोडू का तुले.

सगळे हसले. मी पण. मग तिच्या पोराचा मला राग आला. असले पोरगे असतात.

तिची गोष्ट वेगळी आहे. तिला चप्पल सांगितली कारण तिच्या गोळ्या तिच्या पोटात गेल्या नाहीत. (ते साहेबांना माहीत नाही.) मायच्या गेल्या आहेत.

१२ एप्रिल

पाकीट. आत दुसरी सुतळी.

पहिली गळ्यातून काढून शेजारी ठेवली. दुसरी चार बोटं लांब भरली. पुन्हा मोजली. चार बोटं.

कारणं उघड आहेत. ही सुतळी नवी आहे, सैल वळलेली आहे, आणि मोजताना ओली असणार. शिवाय बाची बोटं थरथरतात.

सोबत या वेळी बाचं काही नाही. मायने सांगून लिहवलं आहे : पोरा, बा बोलते ते मनावर नको घेजो. तुह्या गोळीनं नाई, माह्याच घाईनं झालं. तानबा म्हणते दोरी वाढली तसा भाव वाढला, आता साडेसात. तू पैसे नको धाडू. लगनात मी अनवानीच जातो. घरापासून मांडव काई लांब नाई. ऊन लागलंच तर गोणपाट बांधीन. लोकं नवरीकडे पाह्यतीन, माह्या पायाकडे कोन पाह्यते?

मी काही लगेच विरघळणारा नाही. तानबाचे साडेसात म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आहे. संकल्प : लग्नाच्या आदल्या दिवशी लाल चप्पल घेऊन स्वतः जायचं, आणि मायच्या पायात घालून तानबाला बोलावून दाखवायची.

दुसऱ्या सुतळीने मच्छरदाणीचा सुटलेला कोपरा बांधला.

२७ एप्रिल

रक्ताचे आकडे आले. गोळीच्या बाकी सगळ्या गल्ल्यांमध्ये कृमी कमी झाले. माझ्या गल्लीत जेवढे होते तेवढेच. साहेब दोन दिवस डोकं धरून बसले होते की याच गल्लीत औषध काऊन चालत नाही. मी सुचवलं, तिथल्या विहिरीचं पाणी जड आहे. ते लिहूनही घेत होते.

मग स्वतः गल्लीत गेले. मी सोबत. आनंदाबाई दारातच. म्हणाली, साहेब, तुमचा हा पोरगा लई इमानदार हाय बरं का. आमी नाई म्हटलं का एक गोळी मागं ठेवत नाई. मोजून खिशात टाकते आन् घेऊन जाते.

साहेब गाडीत येऊन बसले. मग विचारलं, जंगलू, त्या गोळ्या पोटात तरी गेल्या ना? मी म्हटलं, पोटातच गेल्या. कोणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. म्हणाले, तीन महिन्यांचं काम गेलं, ती गल्ली पहिल्यापासून करावी लागेल.

आनंदाबाईवर विश्वास ठेवणं ही माझी चूक.

२८ एप्रिल

गोळ्या हिरालालकडे. माझी बदली गटारांवर. साचलेल्या पाण्यात तेल टाकायचं म्हणजे डासाच्या अळ्या मरतात. एका अर्थी ही बढतीच. हिरालाल डास जन्मल्यावर पाहतो, मी त्याआधी.

हिरालाल आज चिडवत नाही. त्यापेक्षा चिडवलेलं बरं.

६ मे

गटार आज दुपारीच उरकलं. साहेब एकटे होते. म्हटलं, साहेब, एका ओळखीच्या माणसासाठी विचारतो. आरमोरीकडचा आहे. त्याच्या मायचा पाय पंधरा-वीस वर्षांचा आहे. गोळ्या पूर्ण एकवीस दिवस दिल्या, नीट दिल्या, तर किती दिवसांत उतरेल?

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, गोळी रक्तातले कृमी मारते. म्हणजे तिच्यापासून तिच्या नातवंडांना होणार नाही. पण एवढा जुना पाय गोळीने उतरत नाही, जंगलू. असं औषध अजून निघालेलं नाही. निघावं म्हणून तर आपण डास धरतोय.

मी म्हटलं, मग त्या माणसाने काय करायचं?

म्हणाले, तेच. साबण, पाणी, आणि रुंद चप्पल. तेवढं केलं तर ताप थांबतात, पाय वाढायचा थांबतो. मग म्हणाले, त्या माणसाकडे चपलेला पैसे नसतील तर मला सांग.

मी म्हटलं, तो सरकारी नोकरीत आहे.

६ मे, संध्याकाळी

साहेब हुशार आहेत, पण त्यांनी मायचा पाय पाहिलेला नाही. मीही पाहिला त्याला दोन वर्षं झाली. न पाहता कोणी कसं सांगावं?

मच्छरदाणीची सुतळी सोडली. खाली बसून माझ्याच डाव्या पंजाभोवती गुंडाळली. एक वेढा झाला. दुसरा वेढा झाला. वर अंगठ्यात अडकवण्याइतकी शेंडी उरली.

ओली असती तर आतापर्यंत वाळली असती.

७ मे

रात्रभर मच्छरदाणीचा कोपरा उघडा होता. इतके डास चावले की मोजले असते तर हिरालालचा महिन्याचा आकडा मागे पडला असता. मोजले नाहीत.

लाल चप्पल पंचफुलाला जाईल. नवरीचीच म्हणून घेतली होती असं बाला सांगता येतं. शकुंतलाबाईला विचारलं, ती म्हणाली, असं सांगजो, शोभते. लग्नाला साहेबांनी चार दिवसांची रजा दिली. मी मागितली नव्हती.

८ मे

सकाळी पोस्टात, मनीऑर्डर करायला. खिडकीवरचा बाबू म्हणाला, निरोपाच्या जागेत थोडक्यात लिही, पोथी नको. थोडक्यातच लिहिलं :

बा, तानबा लुटारू आहे हे माझं मत कायम आहे. तरी त्याला आजच चामडं कापायला बसव. नव्या सुतळीच्या मापाने, आणि वर एक बोट सैल. त्याच साडेसातात दोन्ही पायांची कर, एकाचीच नको. लग्नाच्या आधी झाली पाहिजे. मायने अनवाणी उंबरा ओलांडायचा नाही. रोज साबणाने पाय धुवायचा, हा डॉक्टरसाहेबांचा हुकूम आहे, माझा नाही.

चपलेचे साडेसात, साबणाचे आठ आणे. रुपये आठ.