अण्णा, इंजिनाचं तुमीच सांगा

ती. शिवकुमारअण्णांना सास्तूरहून धाकट्या शिवगंगाचा शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा हाय? वैनींनी तेल चोळायचं सोडलं का तुमीच चोळून घेत न्हाय? (मला दुसरंच खरं वाटतं.) आमी इकडं सगळे धडधाकट. दुखणं आलंय ते ट्रकला. उमरग्याच्या अलीकडं ढीगभर धूर सोडून गाडी जी बसली, ती ट्रॅक्टरनं ओढून दारात आणली. तवापासून तुमचे दाजी घरात. फोनवर ह्यातलं अक्षर बोलता येत न्हाय, कारण फोनपाशी तेच बसलेले. म्हणून ही चिठ्ठी बलभीम मिस्त्रीच्या खिशात घालतेय. तो तुमच्याच दुकानात सामानाला येतोय. येताना तुमचा निरोप आणील, आन तुमचा शब्द ह्यांना शेवटचा.

मिस्त्री म्हणतो, जुन्याच इंजिनाचं काम करायचं तर महिना-दीड महिना विसरा. ब्लॉक बोअरिंगला जाणार, क्रँक घासायला जाणार, आन इतक्या जुन्या गाडीचं सामान पटकन मिळत न्हाय. दुसरं तयार इंजिन बसवलं तर दोन दिवसांत गाडी हायवेला. आता ह्यात इचार कसला? पण तुमचे दाजी सकाळी म्हणतात बदलू, दुपारी म्हणतात, ह्या इंजिनानं मला कधी वाटेत सोडलं न्हाय. (न्हाय कसं! मग ट्रॅक्टर काय वरातीला आणला व्हता?)

इकडं माझे हाल बघा. पुरणाच्या पातेल्यात डिझेल, डिझेलात पिस्टन. मसाल्याच्या डब्यात बारीक नटबोल्ट, म्हणून हळद कुठं ठेवली ते मी ह्यांना विचारायचं. मी घागर घेऊन दारातून आत शिरले की मागून सुरू, येऊ दे, येऊ दे, डावीकडं घे, बास! पलंगावर झोप लागत न्हाय म्हणून दुपारी केबिनमधी जाऊन घोरतात, आन मी कपबशी सांभाळत क्लीनरच्या बाजूनं चढून चहा द्यायचा. शेजारच्या विठाबाई तर रोज ओसरीवर येऊन बसतात बघायला.

तवा अण्णा, सरळ सांगा, इंजिन बदला म्हणून. उभ्या गाडीवर घर चालतंय का? बहिणीवर एवढी मेहेरबानी करा. वैनींना शरणार्थ, लेकरांना मुका.

तुमची,
शिवगंगा

ता. क. मिस्त्रीचा चहा अजून चाललाय म्हणून लिहिते. गाडी बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना तव्यावरची भाकरी ताटात टाकली, फुगलेली. एक घास खाऊन म्हणाले, "तुझी भाकरी अशी लागती व्हय गं?" अण्णा, लग्न झाल्यापासून मी फडक्यात बांधूनच देत आले. ह्यांनी ती झहीराबादच्या पुढं कुठंतरी गारढोण खाल्ली, आन मी इथं चुलीपुढं बसून, आता कुठवर गेले असतील, एवढंच म्हणत ऱ्हायले. लई कंटाळा आलाय मला त्या वाट बघण्याचा. आता रोज पाट घेऊन चुलीपाशी बसतात. भाकरी तव्यावरनं उतरली की लगेच खातात. मला तेवढं बी पुरतं.

ता. क. दुसरा. वरचं इंजिन बदलायचं खोडलंय असं समजा. दुरुस्तीच करा म्हणून सांगा. आन मिस्त्रीनं मागितलेलं सामान दुकानात समोर दिसत असलं, तरी न्हाय म्हणा.