बिडाच्या पातेल्यातला भोपळा

प्रिय मिरचीबाई,

राग उतरला असेल तर बसून वाच, नसेल उतरला तर उभ्यानेच वाच, पण शेवटपर्यंत वाच. परवा फोनवर तू माझी जी बिनपाण्याने केलीस ती अख्ख्या घराने ऐकली. तुझ्या दादाला फोन कानाला लावून बोलताच येत नाही, तो स्पीकर चालू करून टेबलावर ठेवतो आणि आम्ही सगळे भोवती बसतो. तू म्हणालीस, बाबा, म्हातारपणी हे काय नवीन सोंग, जन्मभर नळ्या चोखून खाल्ल्यात आणि आता वहिनीने केलेलं मटण समोर आलं की नको म्हणता, तिला काय वाटत असेल याचा विचार करा जरा. वहिनी तिथेच बसली होती गं, शेंगा निवडत. मी म्हटलं, पोटाला सोसत नाही. हे साफ खोटं होतं. माझं पोट दगड पचवेल हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर तू फोन आपटलास. तेव्हा खरं काय ते पत्रात लिहितोय. पत्राला स्पीकर नसतो.

तुझी आई गेल्यापासून मी मटण-मासे काहीच खाल्लेलं नाही. सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा कोणीच नीट जेवत नव्हतं. मग हळूहळू घर भानावर आलं आणि एका रविवारी सूनबाईने मटण केलं. सगळे बसले. मी म्हटलं, मला नको, भाजी असेल तर वाढ. पुढच्या रविवारीही तेच. झालं, ज्याने त्याने आपापला तर्क लढवला. दादाने ठरवलं की मला काहीतरी आजार आहे आणि मी लपवतोय. आपल्या चष्म्याच्या दुकानाशेजारचा टेलर म्हणाला, चष्मेवाल्यांना विरक्ती आली. तुझ्या भाचीने शाळेत सांगून टाकलं की आमचे आजोबा शेळी झालेत, आणि आता ती रोज कुंडीतलं एखादं पान तोडून मोठ्या विश्वासाने माझ्यापुढे धरते. मी खातोही. काय करणार!

सूनबाई मात्र काहीच बोलली नाही, आणि तेच मला खुपत होतं. सासऱ्यांना आपल्या हातचं रुचत नाही, हे तिने मनाशी धरलं. पूर्वी स्वयंपाकघरातून झाकणं आपटल्याचा आवाज यायचा. रागाने नाही, तिची कामाची पद्धतच तशी, दणदणीत. आता झाकण ठेवते ते असं की जणू परक्याच्या घरात वावरतेय. गेले कित्येक रविवार तर तिने मटण करणंच सोडून दिलंय. दादा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून पावटे गिळतो. रविवारी आपल्या घरी दुपारभर जी गडबड असायची, ती नाहीशी झालीय. आता घर तिचं आहे, मिरचीबाई. रविवारही तिचेच असायला हवेत, आणि ते मी अडवून बसलोय. तू बोललीस ते चूक नव्हतंच.

आता कारण सांगतो, पण मला जरा लांबून यावं लागेल. दुकान हल्ली दादाच बघतो. मी दुपारी जेवून मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसतो. त्या वेळी खिडकीतून ऊन येतं ते नेमकं नंबर तपासायच्या भिंगांच्या पेटीवर, आणि समोरच्या भिंतीवर लहान-मोठी उजेडाची वर्तुळं पडतात. ऊन सरकतं तशी तीही सरकतात. बघता बघता डोळा लागतो. बाहेर दादा गिऱ्हाइकाला विचारत असतो, आधीचं बरं का हे बरं? मग पुन्हा, आधीचं बरं का हे? झोपेत मला वाटतं तो मलाच विचारतोय. त्या प्रश्नावर मी आयुष्य काढलं, आणि त्यातून एकच गोष्ट शिकलो. माणसाच्या डोळ्यापुढे दुसरं भिंग आलं की पहिल्यातून कसं दिसत होतं हे त्याला सांगता येत नाही. तो हमखास म्हणतो, थांबा, आधीचं परत दाखवा. आपण दाखवतो. आपल्याकडे पेटी असते.

तुझ्या आईचे रविवार आठवतात ना? ती पातेल्यावरचं झाकण उचलायची आणि वाफेने माझा चष्मा पांढरा व्हायचा. दरवेळी. मी तो काढून ठेवायचो आणि मग मला समोरचं काहीच धड दिसायचं नाही. ताट म्हणजे एक लाल ढग आणि तुझी आई म्हणजे एक निळा ठिपका. त्या ठिपक्यातून आवाज यायचा, बघत काय बसलात, खा. इतकी वर्षं दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून राबलो, आणि माझं सगळ्यात सुखाचं जेवण मी नेहमी आंधळ्यासारखं जेवलो. शेवटच्या रविवारीही असंच झालं. तो शेवटचा आहे हे कोणाला माहीत होतं? ती म्हणाली, मीठ जरा कमीच पडलंय. मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, तुम्हाला काय, सगळंच बरोबर. आठवडा संपायच्या आत ती गेली.

त्यानंतर सूनबाईने पहिल्यांदा मटण केलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि मी घाबरलो. माझ्या जिभेवर शेवटची चव तुझ्या आईच्या हातची होती. त्यावर दुसरं भिंग ठेवलं तर? मग आधीचं परत कोण दाखवणार? एवढंच कारण. त्यात ना भूतदया, ना विरक्ती, ना डॉक्टर. मला माझी बायको पुसून टाकायची नव्हती. पण हे सूनबाईला कोणत्या तोंडाने सांगू? सांगितलं असतं तर ती पोर जन्मभर चुलीपाशी चोरासारखी उभी राहिली असती. म्हणून मूग गिळून बसलो.

आता पातेल्याची गोष्ट ऐक. आईचं ते मटणाचं बिडाचं पातेलं, ओतीव लोखंडाचं, जड, काळंकुट्ट, जे ती कोणाला उचलू द्यायची नाही. त्याला साबण लावायचा नाही, घासायचं नाही, गरम पाण्याने धुवायचं आणि फडक्याने पुसायचं, हा तिचा कायदा. तू एकदा त्याला साबण लावलास तेव्हा काय महाभारत झालं होतं, आठवतं? तर एका दुपारी मी दुकानातून लवकर घरी आलो. मागच्या अंगणातून खरखर ऐकू येत होती. मला वाटलं आपलं काचा घासायचं यंत्रच चाललंय, मी अजून झोपेतच आहे. जाऊन बघतो तर सूनबाई उकिडवी बसलेली, मांडीशी ते पातेलं, हातात तारेचा घासा. पातेलं आतून राखाडी झालं होतं, नव्यासारखं. तिची बोटं लालभडक. मला बघून हसली. म्हणाली, बाबा, आता हे पातेलं फक्त तुमचं, आईंचं होतं ना, तुमच्याच भाज्या शिजतील यात, तीन दिवस घासतेय, आधीचा सगळा वास काढलाय बघा.

घरातलं सगळ्यात चांगलं भांडं तिने माझ्या नव्या खाण्यासाठी वेगळं काढलं होतं. ज्या सासऱ्याला आपल्या हातचं गोड लागत नाही असं तिला वाटतं, त्याच्यासाठी. मी म्हटलं, छान झालंय हो. मग न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

त्या संध्याकाळी तिने त्यात भोपळ्याची भाजी केली. झाकण उचललं, चष्मा पांढरा झाला, मी काढून ठेवला. पहिला घास घेतला आणि, मिरचीबाई, तुझी आई आली. भोपळ्यात नाही, भोपळ्याच्या मागे कुठेतरी. आपल्याकडे पाहुणे आले की ती दाराआड उभी राहून ऐकायची ना, तशी. घासून घासून बीड तरी किती सोडणार? तिच्या हातचं थोडं आत मुरून राहिलं होतं. मी इतका हळू जेवलो की भात गार झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सूनबाईला वाटलं तिखट झालंय, ती धावत पाणी घेऊन आली. मी म्हटलं, उद्याही भोपळाच कर.

तिचा चेहरा काय खुलला! सासऱ्यांनी काहीतरी मागून खाल्लं. मग रोज भोपळा. घरात भोपळ्यांची रास लागली, दादा म्हणाला, या वयात बाबा भोपळ्याच्या प्रेमात पडले. पण त्या भोपळ्यामागची तुझी आई रोज थोडी थोडी कमी होत होती. मला कळत होतं की मीच तिला संपवतोय, पातेलं आता तसंच ठेवून द्यायला हवं. पण हात आवरत नव्हता. एके दिवशी जेवायला बसलो, आणि भोपळा नुसता भोपळा होता. चांगला होता हो, उगाच नावं ठेवणार नाही. सूनबाईच्या हाताला चव आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गेल्या आठवड्यात दुपारी खुर्चीत डोळा लागला, भिंतीवर वर्तुळं होती, आणि तुझी आई मागच्या खोलीत पातेलं घेऊन आली. इथे कशाला आणलंस, गिऱ्हाइकं आहेत, असं मी म्हटलं. तिने लक्षच दिलं नाही. झाकण उचललं, वाफ आली, तिने स्वतः माझा चष्मा काढला आणि घास भरवला. ऊन होता, मऊ होता, पण त्याला चवच नव्हती. कसलीच नाही. तिने विचारलं, कसं झालंय? मी चावत राहिलो. मग म्हटलं, आधीचं परत दाखव. ती हसायला लागली. हसता हसता निळा ठिपका झाली, आणि मी उठलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं होतं. मी पुष्कळ आठवून बघितलं. तिखट होतं का, कांदा किती करपवलेला असायचा, काही काही आठवेना. इतके दिवस तोंड मिटून राखण केली, आणि आत काहीच राहिलं नाही. रडलो मी, तुझ्यापासून काय लपवायचं.

आज सकाळी सूनबाईला सांगितलं, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मटण कर, आणि त्याच पातेल्यात कर. ती म्हणाली, अहो पण ते तर मी तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय. मी म्हटलं, मग माझ्यासाठीच कर ना. ती ओट्याकडे वळली. जरा वेळाने झाकण दणकन आपटलं. मुद्दाम पुढचा रविवार सांगितलाय, टपालाला वेळ मिळावा म्हणून. कारण हे पत्र मी नुसता खुलासा करायला लिहिलेलं नाही, मला तुझ्याकडून एक हवंय. दादाला आडून आडून विचारून बघितलं, आईच्या हातचं कसं लागायचं रे? तो म्हणाला, मस्त. बस, एवढंच! तू लहानपणापासून जिभेची तिखट आणि जिभेचीच चोखंदळ. तेव्हा दुसरं भिंग लावायच्या आधी तू मला सांग, आईचं मटण कसं लागायचं? आधी काय कळायचं, मागाहून काय राहायचं, सगळं लिही. आणि तुलाही आठवत नसेल तर तसं लिही, माझं मन राखायला काही रचू नकोस. निदान विसरणारा मी एकटाच नाही, एवढं तरी कळेल, आणि मी पोटभर जेवेन.

तुझाच, भोपळ्याच्या प्रेमात पडलेला
बाबा