लाल बटणावरचं बोट

कुंभकोणम्,
९ जानेवारी २०२५, गुरुवार

प्रिय नंदू,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही तिघंही बरे असाल. उद्या वैकुंठ एकादशी, म्हणून सकाळपासून देवळाकडच्या रस्त्याला गर्दी आहे आणि मी घरातच बसून लिहिते आहे.

महामहम तलावाजवळचं आपलं भाड्याचं घर आठवतं तुला? शनिवारी संध्याकाळी अप्पा पोस्टातून येत, पाय धुऊन जमखान्यावर बसत, आणि सायकलींच्या घंटा आत येऊ नयेत म्हणून आई दार लोटून घेई. अप्पांच्या हातात झांजा. त्यांच्या उजव्या बाजूला मी. टेपरेकॉर्डरपाशी तू. रेकॉर्डिंगचं लाल बटण तुझं. ते एकदा दाबलंस की पद संपेपर्यंत तू श्वास धरून बसायचीस, दम्याची घरघर टेपमध्ये येऊ नये म्हणून. मध्येच हळूच सोडायचीस, पुन्हा धरायचीस. मला गाताना डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझे फुगलेले गाल दिसत. हसू दाबून सूर लावायला मी तिथं शिकले.

आज हे सगळं कशाला, असं म्हणशील. सांगते. आधी कॉम्प्युटरची हकीकत. तूच घ्यायला लावलास, तेव्हा तुला ती कळायला हवी.

गळ्याच्या ऑपरेशनपासून माझं गाणं गेलं ते गेलंच. बोलणंही फाटलं. परवा मी सांबारात मीठ कमी आहे म्हणाले, तर तुझे भावोजी पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "दारात कोण आलंय बघ गं." मी हसले. पण मनात होतं की आपला जुना आवाज एकदा नीट ऐकावा. तो आता कॅसेटमध्येच राहिलेला. आणि अप्पांच्या कॅसेट त्यांच्या वर्षश्राद्धानंतर तू पुण्याला नेल्यास, बिस्किटांच्या डब्यात भरून, मांडीवर घेऊन. पुढे त्यांना बुरशी लागली, उतरवून घेतल्या आणि टाकल्या, असं तू सांगितलंस. फोनवर म्हणालीस, "अक्का, मोबाइलवर कशाला ऐकतेस? डास गुणगुणल्यासारखं वाटतं. छोटा डेस्कटॉप घे, चांगला पडदा घे, मी सगळं डिस्कवर घालून पाठवते." मला किती बरं वाटलं होतं.

जयकुमारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तो आधी लॅपटॉपच पुढे करत होता. "मामी, हा न्या. मांडीवर घेऊन बसता येतं."

"मांडीवर घ्यायला काही नकोय मला. टेबलावर बसेल असं दाखवा."

मग त्याने एक काळा डबा समोर ठेवला. मला वाटलं, हे नुसतं झाकण आहे, कॉम्प्युटर आतून आणतोय. तुझे भावोजी म्हणाले, "यात चार इडल्या मावायच्या नाहीत आणि ही बाई यात आपल्या अप्पांना बसवणार."

"सार, इडल्या मावणार नाहीत," जयकुमार म्हणाला, "पण तुमच्या अप्पांसोबत अख्ख्या कुंभकोणम्‌चे अप्पा मावतील."

पडद्यासाठी मात्र दोन फेऱ्या झाल्या. सत्तावीस इंचांचा घेतला असता तर टेबलावर कॉफीचा डबरा-पेला ठेवायला जागा उरली नसती. चोवीस इंचांचा घेतला. चकचकीत काचेचा नको म्हटलं, कारण समोर खिडकी आहे आणि दुपारी त्यात आपलंच तोंड दिसतं. वरखाली सरकणारा घेतला, म्हणजे चष्म्याच्या खालच्या भागातून वाचताना मान दुखत नाही. काळा डबा पडद्याच्या पाठीलाच स्क्रूने बसवला, त्यामुळे टेबलावर तो दिसतही नाही. स्पीकर वेगळे घेतले. पडद्यातला असतो तो नावापुरता.

राहिली साठवण. डब्याच्या आतली डिस्क वेगाची, तिच्यावर कॉम्प्युटर चालतो. जपून ठेवायच्या गोष्टींसाठी बाहेरून जोडायच्या दोन डिस्क घ्या, असं जयकुमार म्हणाला. मी विचारलं, दोन कशाला? "मामी, त्यातली एक बिघडतेच. कधी ते सांगून बिघडत नाही. म्हणून एक आपल्या घरात ठेवायची आणि एक ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या घरात."

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "पुण्याला माझी बहीण आहे."

हे वाक्य मी किती सहज बोलले, नंदू.

इकडच्या कार्तिकातल्या दिव्यांच्या आठवड्यात तुझं पार्सल आलं. नाचियार्कोविलहून आणलेला आईचा पितळी दिवा लावला आणि पहिली टेप सुरू केली. अप्पांचा आवाज खोलीत उभा राहिला. त्यांच्या मागून माझा आला, आणि हे चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "हाच ऐकून होकार दिला होता मी. तुझं तोंड नंतर बघितलं."

पण काहीतरी चुकत होतं. पहिली दोन कडवी अप्पांची. तिसऱ्याच्या आधी ते झांज थांबवत आणि म्हणत, "पंकजा, तू घे." दर वेळी म्हणत. त्याशिवाय मी तोंड उघडत नसे, ती आपल्या घरची शिस्तच होती. पाहुणे असले तरी, नसले तरी. तुझ्या टेपमध्ये दुसरं कडवं संपतं आणि लगेच माझा आवाज येतो. मला वाटलं, वय झालं, मीच काहीतरी भलतं आठवते आहे. दुसरी टेप लावली. मग तिसरी. डिस्क संपेपर्यंत ऐकलं. अप्पा मला एकदाही बोलवत नाहीत.

आवाजाचं चित्र दाखवणारा एक प्रोग्राम जयकुमारने घालून दिला होता. तो उघडला. मोठ्या पडद्यावर सूर डोंगरासारखा चढतो, उतरतो, हळूहळू विरतो. अप्पांचं दुसरं कडवं विरत नाही. उतारावरच तुटतं, चाकूने काप काढल्यासारखं, आणि त्याला माझा डोंगर चिकटवलेला आहे. तरीही मी स्वतःला सांगितलं, बुरशीने खराब झालेला तुकडा असेल. प्रत्येक टेपमध्ये बुरशी नेमकी माझ्या नावावरच कशी बसली, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मार्गळी महिना लागल्यावर तुझ्या अनुषाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ती केवढी मोठी दिसली, हुबेहूब आपली आई!

"मावशी, आजोबांची भजनं ऐकलीस? त्यांच्यामागे आई गाते ना, चौदा वर्षांची, ते ऐकून आमचे गाण्याचे सर रडले गं. दम्याने नंतर तिचा आवाज गेला नसता तर!"

मी स्पीकरचा आवाज वाढवला.

"आणि टेप तू चालवायचीस ना? आई सांगते, अक्का श्वास धरून बसायची, गाल फुगवून. मावशी, करून दाखव ना!"

मी गाल फुगवून दाखवले. ती खूप हसली.

मग इंटरनेटवर तुझे कार्यक्रम शोधून पाहिले. रेशमी साडीत तू व्यासपीठावर बसलेली आहेस, तंजावरच्या जुन्या मराठीबद्दल बोलते आहेस, मग टेप लावतेस आणि डोळे मिटून म्हणतेस, "ही मी." लग्न होऊन गेलीस तेव्हा पुण्यातल्या बायका तुझ्या बोलण्याला हसत, "ही कुठली मराठी" म्हणत, आणि तू मला फोन करून रडायचीस. आता त्याच भाषेसाठी ते टाळ्या वाजवतात. ती हौस मला कळते. अप्पांच्या टेप तू केल्यास, जपल्यास, तेवढ्यावरही त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तुला तेवढं पुरलं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, तक्रार असेल तर एका लहान वाक्यात सांगा, रडून सांगू नका. तर लहान वाक्यात सांगते. तो आवाज माझा आहे.

माझ्याजवळ तो आता उरलेला नाही, हे तुला माहीत होतं. ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात तू माझ्या उशाशी होतीस. डॉक्टर बोलले ते तूही ऐकलंस. आणि माझा आवाज घेऊन थांबली नाहीस, तुझा धरलेला श्वास मला देऊन टाकलास. तो तुझा होता, नंदू. मला तो किती प्रिय होता. आणि त्या मुलीसमोर गाल फुगवून तुझ्या खोट्याला मी साक्षीदार झाले, हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात मी मरुदानल्लूरला गेले. अप्पांबरोबर झांज वाजवणारे वेंकटेशमामा आता नाहीत. त्यांचा मुलगा नटराज त्याच घरात आहे. अप्पांनी त्यांना एक कॅसेट दिली होती, आपल्या घरची, हे मला एकदम आठवलं. नटराजने ती कपाटातून काढली, जुन्या टेपरेकॉर्डरला दोन चापट्या मारल्या आणि लावली. दुसरं कडवं संपलं. झांज थांबली. "पंकजा, तू घे."

मी त्याच्या ओसरीवर बसून रडले. नटराजची बायको कॉफी घेऊन आली आणि न बोलता शेजारी बसली.

ती कॅसेट मी घरी आणून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहे, काहीही न कापता. पोंगलनंतर तंजावरला पुन्हा गळा दाखवायचा आहे. डॉक्टरांनी लवकर बोलावलंय. म्हणून कुणाला काय द्यायचं ते आताच लिहून ठेवते.

पडदा तुझ्या भावोजींना. क्रिकेट त्यावर चांगलं दिसतं आणि तेवढ्यापुरतं त्यांना माझ्याशिवाय करमेल.

एक डिस्क नटराजकडे, मरुदानल्लूरच्या भजन मंडळींसाठी. जयकुमारने सांगितलेलं दुसरं घर मी बदललं आहे.

काळा डबा आणि दुसरी डिस्क अनुषाला. महाशिवरात्रीच्या सुट्टीत ती इकडे यायची आहे, तेव्हा तिच्या हातात देईन. त्यात तुझ्या टेपही आहेत आणि ही कॅसेटही आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. गाणं शिकणारी मुलगी आहे, एकदा ऐकलं की तिला कळेल. त्याआधी तू सांगावंस असं मला वाटतं.

मूळ कॅसेट तुला. नटराजने आनंदाने दिली आहे, या पत्राबरोबर पाठवते. शेवटपर्यंत ऐक. पद संपल्यावर झांजा खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि मग अप्पा म्हणतात, "नंदू, बंद कर. आता श्वास घे, बाळ." त्यानंतर तुझा मोठा श्वास ऐकू येतो, आणि बटणाची खट्ट. तुझ्या टेपमध्ये हेही कुठे नाही. माझं नाव काढताना तुला तुझंही काढावं लागलं.

पत्राखाली मी नेहमी नुसतं "अक्का" लिहिते. आज नाव लिहिते. ते राहू दे.

पंकजा