तांब्याचा गडू

ती. आईस,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

बाळ बरा आहे, काळजी नको. दूध थोडं थोडं पितो. मान अजून धरत नाही.

त्याच्या अंगात तांबं कमी आहे म्हणून कळवलं, तर तू तांब्याचा गडूच धाडलास! डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडाने दिलेलं तांबं त्याच्या रक्तात पोचतच नाही, सुईनेच द्यावं लागतं." रोज दोनदा मीच टोचते.

त्याचं जावळ तारेसारखं राठ आणि पांढुरकं आहे. "माहेरी कुणाचं असं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले. घरी येताना तुझ्या कपाटातला दादाचा फोटो डोळ्यांपुढे आला. माझ्या आधीचा, वर्षाचाही न होता गेलेला दादा. त्याचंही जावळ असंच होतं.

तुझं दूध त्याच्या अंगी लागलं नाही, असा सगळे तुला बोल लावायचे ना? आई, दूध चांगलंच होतं. हे दुखणं आईकडून मुलग्याला जातं, तिच्या नकळत. मुलीच्या अंगात ते नुसतं लपून राहतं; तुझ्याकडून मला आलं, माझ्याकडून त्याला.

धाकटीला पाचवा महिना लागला ना? हे पत्र तिला इतक्यात दाखवू नकोस, आधी डॉक्टरकडे ने. आणि कुणी तिला "मुलगाच होऊ दे" म्हणालं, तर त्याचं तोंड बंद कर.

तुझी,
थोरली