छातीत दुखणाऱ्याला रांग नाही

आबा, काल दवाखान्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि गळ्यात झेंडूचा एवढा जाडजूड हार की मला शिंकाच यायला लागल्या. तुम्ही असता तर टोपी काढून पुन्हा घातली असती. खूश झालात की तसंच करायचात. लोणावळ्यात आता काळजाच्या आजाराची वेगळी खोली झालीय. चार खाटा, प्रत्येक खाटेशी ऑक्सिजनचं सिलिंडर, आणि पडद्यावर ठोके दाखवणारं यंत्र. आमच्या दोन नर्स मुली पुण्याला राहून ते वाचायला शिकून आल्या. त्यातल्या एकीनं परवा कुसगावच्या एका शेतकऱ्याचं थांबलेलं काळीज छाती दाबदाबून पुन्हा चालू केलं. शुद्धीवर आल्यावर गडी तिच्यावरच डाफरला, बरगडी मोडली म्हणून. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. मग औषधांच्या खोलीत जाऊन मी एकटीच रडले.

सत्कार झाला तो एका नियमापायी. छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस आमच्याकडे रांगेत बसत नाही. केसपेपर नंतर, नाव-गाव नंतर. दारावरच्या शिपायानंसुद्धा त्याला धरून थेट आत आणायचं. हा नियम मी भांडून करून घेतला. डॉक्टर भाषणात म्हणाले, सिस्टरना हे सुचलं कसं याचंच नवल वाटतं. मला बोलायला उभं केलं तर मी अनुभवातून सुचलं, एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे वडील याच दवाखान्यात, रांगेतल्या बाकावर बसल्या बसल्या गेले, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत सगळी माणसं बदलली, मीच तेवढी जुनी उरले.

इंदुरीच्या घरात चुलीपुढं बसलेले तुम्ही मला अजून दिसता. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तुम्ही त्या वयात भाकरी थापायला शिकलात. थापताना जीभ बाहेर काढायची सवय. कड हटकून करपायची, आणि मी तोंडाची फटकळ, रोज नावं ठेवायची. तुम्ही करपलेली आपल्या ताटात घेता, बरी असेल ती माझ्याकडं सारता. पुढं मी नर्सिंगला जायचं ठरलं तेव्हा भावकी दारात येऊन बोलून गेली, बिनआईच्या पोरीला लोकांची घाण काढायला धाडतोय म्हणून. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तळेगाव स्टेशनपर्यंत चालत आलात.

आणि मी तुम्हाला काय दिलं? नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही आलात, हातात आंबेमोहोर तांदळाची पिशवी, आणि रांगेतल्या माणसांना ओलांडून सरळ डॉक्टरांच्या दाराशी. माझी लेक हितं सिस्टर हाय, असं वाटेत भेटेल त्याला सांगत. मेट्रननं माझ्याकडं असं पाहिलं की मला धरणी ठाव देईना. मी तुम्हाला व्हरांड्यात ओढत नेलं.

"आबा, इथं मी तुमची लेक नाही. सगळ्यांसारखं नंबर लावून बसायचं. पुन्हा असं केलंत तर मी ओळख दाखवणार नाही."

तुम्ही व्हय म्हणालात. चेहरा एवढासा झाला होता. पण घरी जाऊन तुम्ही त्याचीच बढाई केलीत! माझी लेक बापालासुदीक लाइनीत बसवती, असं तुम्ही देवळात, पारावर, सोयऱ्यांत सांगत सुटलात. नंतर येत राहिलात ते मुकाट्यानं नंबर लावून, बाकाच्या शेवटच्या टोकाला टेकून.

त्या दिवशीही तसेच बसलात. सोमवार होता, बाजाराचा दिवस साधून आलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी व्हरांडा भरलेला. तुमच्यापुढं तीसेक माणसं तरी होती. तुमच्या शेजारी ठाकरवाडीची एक मावशी नातवाला घेऊन बसली होती. तिनं मला सगळं नंतर सांगितलं. तुम्हाला दरदरून घाम फुटलेला पाहून ती म्हणाली होती, भाऊ, तुमी म्होरं जावा, कुनी काय म्हनायचं न्हाई.

"माजी लेक हितंच हाय," तुम्ही म्हणालात. "पर लाइन मोडल्याली तिला न्हाई चालत. बराबर हाय तिचं."

थोड्या वेळानं तुमचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. तिला वाटलं, डोळा लागला. म्हातारा माणूस, दमला असेल, म्हणून ती बिचारी नातू रडायला लागला तरी हलली नाही. तुमचा नंबर पुकारला तेव्हा सगळ्यांना कळलं. तुमच्या मुठीतून केसपेपर मीच सोडवून घेतला.

लोक म्हणाले, पोरीला पत्ताच नव्हता, तिचा काय दोष. मी ते तसंच राहू दिलं. हे पत्र लिहून मी फाडणारच आहे, धाडायला पत्ता कुठला? पण एकदा तरी खरं लिहू दे. आबा, मी तुम्हाला पाहिलं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या मागोमाग राउंडला निघाले होते, हातात फायली होत्या. तुम्ही बाकावरून उठलात. एक हात छातीवर होता आणि दुसरा मला बोलवायला अर्धा वर केलेला. मला वाटलं, आता चारचौघांत हाक मारणार. मी लांबूनच डोळे वटारले आणि हातानं खूण केली, बसा.

तुम्ही लगेच बसलात.