दोन कपांचं भांडं

अण्णा,
तुम्ही डेअरीला दूध घालायला गेलाय आणि माझी बेंगलोरची गाडी थांबायची नाही, म्हणून चिठ्ठी ठेवून निघते. पोचल्यावर एसटीडीवरनं फोन करते.

मी आणलेलं कॉफीचं भांडं घासून ठेवलंय. काल तुम्ही खालच्या भागात दूध ओतलंत, ते करपून नळी तुंबली होती. "पावण्याला पाण्याची कॉफी देत्यात व्हय?" म्हणालात. द्या की दूध, पण नंतर कपात घालून. खाली पाणीच भरायचं, चाळणीत पूड सपाट करायची, दाबायची नाही. गॅस बारीक ठेवा. कॉफी नळीतनं वरच्या भागात चढून खरखर ऐकू आली की उतरवा.

आईच्या एस्प्रेसोची चव याला येणार नाही, मला माहीत आहे. ती कपात पूड आणि साखर फेटायला लागली, की चमच्याच्या आवाजावर सयाजीकाका भिंतीपलीकडनं विचारायचे, "वैनी, झाली काय?" ती गेल्यापासून तुम्ही दोघं बोलत नाही. का, ते मी विचारत नाही.

फक्त भांडं अर्धं भरू नका, कॉफी बिघडते. दोन्ही कपांची करा. दुकानात एका कपाचं भांडंही होतं. मी मुद्दाम घेतलं नाही.

क्रांती